तातीवरचा संसार

आपल्या मध्यमवर्गीय घरांत ‘धंदा’ हा शब्द अजूनही थोडा दबकतच उच्चारला जातो. मुलगा बँकेत चिकटला की पेढे वाटले जातात. पुण्याच्या एखाद्या कंपनीत संगणकापुढे बसू लागला की गल्लीत दोन दिवस त्याचीच चर्चा असते. पण त्याने एखादा हातधंदा काढला, तर ‘सध्या काहीतरी करतोय’ या तीन शब्दांत त्याची बोळवण होते. त्यातून तो धंदा असा असला, की ज्याला मराठीत धड नावही नाही, तर आईबापांची पंचाईत विचारूच नका. पाहुण्यांना सांगायचे तरी काय?

आज मी ज्या धंद्याविषयी लिहिणार आहे, तो असाच बिननावाचा आहे. टेनिसच्या आणि बॅडमिंटनच्या रॅकेटींची तुटलेली किंवा सैल पडलेली जाळी कापून टाकावयाची आणि नवी विणून द्यावयाची, एवढाच तो धंदा. खेळाडू त्याला ‘गटिंग’ म्हणतात. नाशिकसारख्या शहरात त्यावर एका माणसाचे पोट भरू शकते काय, आणि भरत असेल तर त्यासाठी त्याच्या अंगी काय असावे लागते, हा आजचा विषय. मराठीच्या मास्तराने या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे कारण, एका आईने मला विचारलेला प्रश्न.

आईचा प्रश्न

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची ती आई. नाव छापणार नाही असे वचन दिले आहे, म्हणून त्याला नुसता ‘विद्यार्थी’च म्हणतो. मुलगा मराठी घेऊन बी. ए. झाला. त्याचे वडील येथल्याच एका टेनिसच्या मैदानावर कामाला. पहाटे उठून मातीच्या कोर्टावर पाणी मारायचे, रोलर फिरवायचा, चुन्याच्या पट्ट्या आखायच्या, हे त्यांचे काम. मुलगा त्या मैदानावर चेंडू वेचीत वाढला. पुढे सभासदांना जोडीदार नसला की त्यांच्याशी खेळणारा ‘मार्कर’ झाला. पदवीनंतर तो सातपूरच्या एका कारखान्यात कंत्राटावर लागला. अकरा-अकरा महिन्यांचे कंत्राट दोनदा वाढले. तिसऱ्यांदा वाढले नाही. मग एके दिवशी त्याने घरी जाहीर केले, की आता नोकरी शोधायची नाही. गटिंगचे यंत्र घ्यायचे.

यंत्राला पैसे हवेत, आणि घरात पैसे होते ते एकाच ठिकाणी. धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी तिच्या नावाने पोस्टात ठेवलेले ४०,००० रुपये.

“सर, तुम्ही त्याला शिकवलंय,” आई म्हणाली. “इतकं शिकून त्यानं जाळी विणत बसायचं का? आणि पोरीचे पैसे त्यात घालायचे का? तुम्ही सांगाल तसं करू आम्ही.”

‘तुम्ही सांगाल तसे करू’ हे वाक्य ऐकावयास गोड, पण झेलावयास फार जड. परीक्षेच्या पेपरात दोन गुण इकडचे तिकडे झाले तर फेरतपासणी असते. दुसऱ्याच्या मुलीच्या पैशांवर दिलेल्या सल्ल्याला फेरतपासणी नाही. मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि चौकशीला लागलो. त्या चौकशीत जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवतो.

आतड्यापासून नायलॉनपर्यंत

सुरुवात शब्दापासून करतो. मास्तरकीची खोड आहे, जात नाही. ‘गट’ म्हणजे इंग्रजीत आतडे. आपल्याकडे याच वस्तूला एक जुना, नेटका शब्द आहे : तात. पिंजाऱ्याच्या धनुकलीला जी दोरी असे ती तात. ज्यांच्या लहानपणी दारावर गाद्या पिंजणारा येत असे, त्यांच्या कानांत तिचा टणत्कार अजून असेल. ‘तन्’ म्हणजे ताणणे, पसरणे, हा संस्कृत धातू. त्यातून तंतू आला, ताण आला, तंत्र आले. आज आपण ‘तंत्रज्ञान’ म्हणतो त्यातले हे ‘तंत्र’ म्हणजे मूळचा विणकराचा माग. संतती आणि संतान हे शब्दही याच घराण्यातले. म्हणजे रॅकेटची तात आणि घरातली मुले शब्दाच्या नात्याने भावंडेच म्हणावयाची! दोन्ही ठिकाणी किती ताणावे हे कळण्यातच सगळे शहाणपण आहे.

तात मूळची खरोखरच जनावराच्या आतड्याची. इंग्रजीत तिला ‘कॅटगट’ म्हणत असले तरी मांजराचा तिच्याशी काही संबंध नाही. वाद्यांसाठी ती बहुधा मेंढीच्या आतड्याची करीत. मेजर विंगफील्ड या इंग्रज गृहस्थांनी लॉन टेनिसचे पेटंट घेतले १८७४ साली. लगेच पुढल्या वर्षी, १८७५ साली, फ्रान्समधील लियाँ गावच्या बाबोला घराण्याने टेनिससाठी तात बनवावयास सुरुवात केली. विम्बल्डनची पहिली स्पर्धा झाली १८७७ साली. म्हणजे टेनिसची तात विम्बल्डनहून दोन वर्षांनी थोरली! बाबोलांची कंपनी आजही तोच माल विकते आहे. आता नैसर्गिक तात गाईबैलांच्या आतड्याच्या पापुद्र्यापासून करतात आणि ती महागही फार पडते. पण आमच्या विद्यार्थ्याच्या भिंतीवर टांगलेल्या ताती सगळ्या नायलॉनच्या आणि पॉलिएस्टरच्या. तेव्हा शाकाहारी खेळाडूंनी निश्चिंत असावे.

आतड्याची तात हाताला मऊ आणि जिवंत लागते, खेळाडूच्या कोपराला जपते; पण ओल हा तिचा वैरी. पावसाळ्यात ती फुगते आणि तिचे पीळ सुटू लागतात. जुन्या लाकडी रॅकेटींचेही तसेच. दमट हवेत त्या वाकत, म्हणून त्यांना स्क्रूच्या लाकडी चौकटीत आवळून ठेवावे लागे. ज्यांच्या आजोबांना टेनिसचा षोक होता त्यांनी माळा धुंडाळून पाहावा; एखादी चौकट अजून सापडेल.

हा खेळ साहेबांचा, आपला त्याच्याशी काय संबंध, असेही आईच्या बोलण्यात एकदा आले होते. तसे म्हणावयास जागा नाही. पंडिता क्षमाबाई राव (१८९०–१९५४) यांना आपण संस्कृत कवयित्री म्हणून ओळखतो. त्या टेनिसही उत्तम खेळत. त्यांची कन्या लीला राव हिने १९३४ साली विम्बल्डनला सामना जिंकला, आणि असा सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री ठरली. बॅडमिंटनचे नियम तर आपल्या पुण्यातच गोऱ्या अधिकाऱ्यांनी १८७०च्या दशकात बांधले. त्या खेळाला काही काळ ‘पूना’ हेच नाव होते. सांगलीचे नंदू नाटेकर १९५६ साली क्वालालंपूरची स्पर्धा जिंकून आले. परदेशात अजिंक्यपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. आणि परवा, म्हणजे २०२३ साली, हांगचौच्या आशियाई स्पर्धेत महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसले हिने रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक मिळवले. खेळ परका असेल, पण तो आता घरचा झाला आहे.

जाळीची करामत

रॅकेट म्हणजे दांडा आणि चौकट, जाळी काय कुठलीही चालते, असा माझा समज होता. मुलीच्या रॅकेटीची तात तुटली की दुकानात टाकायची आणि मिळेल तशी घेऊन यायची, एवढीच माझी त्या विषयातली गती. विद्यार्थ्याने मला दोन गोष्टी सांगितल्या, आणि त्या ताडून पाहता खऱ्या निघाल्या.

पहिली गोष्ट १९७७ सालची. वेर्नर फिशर नावाच्या जर्मन गृहस्थाने उभ्या तातींचे दोन पदर आणि त्यांवर नळ्या बसवून एक विचित्र जाळी केली. तिला लोक ‘स्पॅगेटी’ म्हणू लागले. त्या जाळीने मारलेला चेंडू इतका गरगरे, की भल्याभल्यांना तो कोठे उसळेल हे कळेना. गिलेर्मो व्हिलास त्या वर्षी एकामागून एक असे ४६ सामने जिंकत आला होता. फ्रान्समधील एका स्पर्धेत इली नस्तासे ती रॅकेट घेऊन त्याच्यासमोर उतरला. दोन सेट गमावल्यावर व्हिलासने खेळच सोडून दिला. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने त्या जाळीवर ताबडतोब बंदी घातली, आणि रॅकेट कशाला म्हणावे याचा नियम प्रथमच, १९७८ साली, लिहून काढला. शंभर वर्षे खेळलेल्या खेळाला रॅकेटची व्याख्या करावी लागली ती एका जाळीपायी!

दुसरी गोष्ट १९९७ची. ब्राझीलचा गुस्ताव्हो क्युर्टेन हा जागतिक क्रमवारीतला ६६वा खेळाडू फ्रेंच स्पर्धा जिंकून गेला. त्याच्या रॅकेटीत बेल्जियमच्या एका कारखान्याची पॉलिएस्टरची तात होती. ती ताठ असते, चेंडूला पीळ देते. त्यानंतर पाहता पाहता व्यावसायिक खेळाडूंत पॉलिएस्टरचे राज्य आले.

आता ताणाचे पाहू. बहुतेकांना वाटते, की जाळी जितकी घट्ट तितका फटका जोरदार. प्रत्यक्षात उलट आहे. आपल्याकडच्या सुंभाच्या बाजेची आठवण करा. थोड्या सैल बाजेवर पोर उडी मारते तेव्हा ते पुन्हा वर उसळते. करकचून विणलेल्या बाजेवर नुसते आदळते. जाळीचेही तसेच. सैल जाळी चेंडू दूर फेकते, घट्ट जाळी चेंडूवर ताबा देते. टेनिसची रॅकेट साधारण ५० ते ६० पौंडांच्या, म्हणजे सुमारे २३ ते २७ किलोंच्या ताणाने ओढतात. बॅडमिंटनची २० ते ३० पौंडांनी. लाकडी रॅकेटीच्या जमान्यात ब्यॉर्न बोर्ग ८० पौंडांच्या घरात ताण घेत असे. ते त्याला शोभले. आपल्या दहावीतल्या मुलाने तसे करू म्हटले तर कोपर धरून बसावे लागेल.

यंत्र आणि हात

आठ दिवसांत मी तीनदा विद्यार्थ्याबरोबर बसलो. त्याने मैदानावरच्या एका ओळखीच्या माणसाचे यंत्र तात्पुरते मागून आणले होते. साधे यंत्र वजनाच्या दांड्याचे असते. दांड्यावरचे वजन सरकवून ताण ठरवावयाचा, तात चिमट्यात धरावयाची आणि दांडा सोडावयाचा. तो बरोबर आडवा, जमिनीला समांतर थांबला की ताण बरोबर. आपल्या वाण्याच्या तराजूचाच भाऊ! त्याच्या वरचे यंत्र हाताने चाक फिरवून ताण देणारे. आणि सगळ्यांत वरचे विजेवर चालणारे. त्याची किंमत लाखाच्या घरात जाते.

कामाचा क्रम असा. जुनी जाळी कापावयाची ती मधून बाहेर, चारी बाजूंनी सारखी. एका बाजूने कापत गेले तर चौकटीवर वाकडा जोर येतो. मग चौकटीच्या भोकांतल्या प्लॅस्टिकच्या नळ्या एकेक करून तपासावयाच्या. एखादी फुटलेली असेल तर नवी तात तिथेच कापली जाते. मग चौकट यंत्रावर आवळावयाची. आधी उभ्या ताती. मधल्या दोनांपासून सुरुवात, मग एक डावीकडे, एक उजवीकडे. एकाच बाजूच्या सगळ्या ओढल्या तर चौकट पिचकते. नंतर आडव्या ताती, वरून खाली, प्रत्येक तात एका उभ्या तातीच्या वरून आणि दुसरीच्या खालून. टेनिसच्या नेहमीच्या रॅकेटीत १६ उभ्या आणि १९ आडव्या. म्हणजे एका रॅकेटीत तीनशेच्या वर वेळा वर-खाली, वर-खाली. शेवटी गाठ. गाठ सैल तर मेहनत पाण्यात.

हे पाहताना मला आपल्या जिल्ह्यातल्या येवल्याची आठवण झाली. पैठणीच्या मागावर ताणा आणि बाणा यांचे जे नाते, तेच येथे. फरक इतकाच, की येवल्याचा विणकर महिनोन्‌महिने एका पदरावर बसतो आणि याला पाऊण तासात रॅकेट हातावेगळी करावयाची असते. शेवटी तो बोटाच्या नखाने जाळीवर टिचकी मारतो आणि कान देतो. मिरजेच्या सतारमेकरांच्या दुकानात मी असे कान दिलेले पाहिले आहेत. त्यांच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते सुराला कान देतात, हा ताणाला. पण दोन्ही कान एकाच जातीचे. यंत्र किती पौंड ते दाखवते; सगळ्या ताती एकमेकींशी जुळल्या की नाहीत, हे कानच सांगतो.

“सर, चेंडू वेचत होतो तेव्हापासून आवाजावरून कळतं मला,” तो म्हणाला, “कुणाची जाळी गेली ते.”

आईच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला तेथे मिळाले. इतके शिकून जाळी विणायची का? होय, कारण हे शिक्षणही त्याने पंधरा वर्षे घेतले आहे. फक्त त्याचे प्रमाणपत्र कोणी दिलेले नाही.

वहीतले गणित

दुसरा प्रश्न पैशांचा. कागद-पेन्सिल घेऊन आम्ही बसलो. पुण्याच्या एका खेळाडूकडचे चाकाचे जुने यंत्र ४२,००० रुपयांना मिळत होते. आऱ्या, पकडी, कात्री आणि तातींची रिळे यांना १५,०००. एकूण भांडवल ५७,००० रुपये.

तात सुटी घेतली तर एका रॅकेटीची पुडी सुमारे ७५० रुपयांना पडत होती. तीच २०० मीटरच्या रिळात घेतली तर ९,००० रुपये. एका टेनिस रॅकेटीला १२ मीटर लागते. म्हणजे एका रिळात १६ रॅकेटी आणि थोडा तुकडा वाया. दर रॅकेटीमागे साडेपाचशेच्या वर थोडे. येथे १९० रुपयांच्या आसपास सुटतात. पण एक रॅकेट चुकली, तात मध्येच कापावी लागली, की तीन रॅकेटींवर वाचवलेले पैसे गेले! शिकाऊ माणसाचा धंदा येथेच बुडतो. मजुरी धरून, टेनिस आणि बॅडमिंटन यांची सरासरी काढून, खर्च वजा जाता रॅकेटीमागे २५० रुपये सुटतील असा आमचा अंदाज निघाला. म्हणजे भांडवल निघण्यासाठी २२८ रॅकेटी.

आता नाशिकात २२८ रॅकेटी येणार कोठून? टेनिसपटू थोडे, त्यातून मातीची कोर्टे जूनपासून पावसाने बंद. टेनिसवर विसंबून कोणी हा धंदा काढील तर चार महिने हात चोळीत बसेल. पण बॅडमिंटनला छप्पर असते. सायना नेहवालचे २०१२चे आणि सिंधूचे २०१६चे ऑलिंपिक पदक, मग २०२२ साली जिंकलेला थॉमस करंडक, यांनी घराघरांतली मुले बॅडमिंटनच्या हॉलकडे वळवली. त्यांच्या ताती बारीक, जेमतेम पाऊण मिलिमीटरच्या आतल्या, तुटतातही लवकर. शिवाय तात न तुटताही मरते. ओढल्यानंतर पहिल्या एक-दोन दिवसांतच तिचा ताण उतरू लागतो. खेळाडूंत एक साधा हिशेब आहे : आठवड्यातून जितके दिवस खेळता, वर्षातून निदान तितक्या वेळा जाळी बदला. आमच्या शहरात हा हिशेब फार थोड्यांना ठाऊक होता. बाकीचे तात तुटण्याची वाट पाहत.

म्हणजे गिऱ्हाईक होते. त्याला जागे करावयाचे होते. हे कळल्यावर मी आईला बोलावले. माझा सल्ला तयार होता : सगळे ४०,००० देऊ नका, काही बँकेकडून घ्या. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेतल्या ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंतचे कर्ज तारणावाचून मिळते. उद्यम नोंदणीही ऑनलाइन आणि फुकट होते. एवढे बोलून मी थांबलो आणि सहज विचारले, “ताईचं काय म्हणणं आहे?”

आई माझ्याकडे पाहत राहिली. पैसे जिच्या नावाचे, तिला कोणी विचारलेच नव्हते!

मुलगी बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती. दुसऱ्या दिवशी भावाबरोबर ती घरी आली. मी मांडलेले सगळे गणित तिने एकदा वाचले, १२ मीटरच्या हिशेबावर बोट ठेवून पुन्हा वाचले, आणि म्हणाली, “सर, मी ३०,००० देते. १०,००० पोस्टात राहू देत. पण हे दान नाही. कागद करायचा, आणि वही मी ठेवणार.”

भावाने मान डोलावली. त्याच्याजवळ १२,००० होते, बँकेने १५,००० दिले. ५७,००० झाले.

तडा

पहिले सहा महिने महिन्याला सरासरी २० रॅकेटी आल्या. म्हणजे मिळकत ५,००० रुपये. एवढ्यात घर चालत नाही. म्हणून तो सकाळी मैदानावर मार्करचे काम करी आणि दुपारनंतर यंत्रावर बसे. तीन वर्षे कॉलेजात वाचलेल्या मराठीचा उपयोग झाला तो येथे. त्याने साध्या सोप्या मराठीत एक चिठ्ठी लिहिली : जाळी केव्हा बदलावी, ताण किती घ्यावा, रॅकेट उन्हात तापलेल्या मोटारीत का ठेवू नये. ती मैदानांवर आणि हॉलवर लावली, व्हॉट्सॲपवर फिरवली. प्रत्येक रॅकेटीच्या दांड्यावर तारीख आणि ताण लिहिलेली चिकटपट्टी लावावयास त्याने सुरुवात केली. गिऱ्हाइकाला कळे, की आपल्या हातातली जाळी किती जुनी आहे. पुढल्या तिमाहीत महिन्याला ४० रॅकेटी येऊ लागल्या. नऊ महिन्यांत २४०. वहीतले २२८ ओलांडले.

आणि दहाव्या महिन्यात तडा गेला. एका गृहस्थांची १४,००० रुपयांची रॅकेट यंत्रावर चढवलेली असताना, आडव्या ताती निम्म्या झाल्यावर, ‘कट्’ असा आवाज झाला आणि चौकट डोक्याजवळ चिरली. रंगाच्या खाली जुनी बारीक चीर असावी. ती मारामुळे आली होती की यंत्राच्या दाबाने, हे आता कोण सांगणार? मैदानावरच्या जुन्या लोकांनी सल्ला दिला, “सांगून टाक, आणली तेव्हाच फुटलेली होती म्हणून.”

संध्याकाळी बहीणभाऊ त्या गृहस्थांच्या घरी गेले. भावाने रॅकेट पुढे ठेवली आणि झाले ते सांगितले. “चीर आधीची असेल असं मला वाटतं,” तो म्हणाला, “पण घेताना मी तपासली नाही. तेव्हा जबाबदारी माझी.” बहिणीने वही उघडून दाखवली, की एकरकमी पैसे देणे आज शक्य नाही. गृहस्थ भले निघाले. निम्मी किंमत त्यांनी सोडली. राहिलेल्या ७,००० पैकी ३,००० रोख घेतले आणि ४,००० रुपयांची मजुरी त्यांच्या घरच्या रॅकेटींवर फेडून घ्यावयाचे ठरवले. त्या घरात तिघे खेळणारे होते. ते तिघे त्याचे कायमचे गिऱ्हाईक झाले.

तेव्हापासून त्याच्याकडे रॅकेट घेताना पहिले काम म्हणजे दिव्याखाली चौकट फिरवून पाहणे आणि चीर असेल तर ती गिऱ्हाइकासमोर वहीत लिहून सही घेणे. हा नियम कुठल्याही यंत्राबरोबर येत नाही. हा नियम ७,००० रुपयांचा आहे.

बहिणीचे ३०,००० चौदा महिन्यांत फिटले. बँकेचे कर्जही संपत आले आहे. तो काही श्रीमंत झालेला नाही. महिन्याला ७० ते ८० रॅकेटी आल्या की १८-२० हजार सुटतात. एप्रिल-मेच्या शिबिरांत थोडे अधिक, परीक्षांच्या दिवसांत थोडे कमी. सकाळचे मैदान त्याने सोडलेले नाही. आणि नवे संकट दिसू लागले आहे. पिकलबॉल नावाचा अमेरिकेत १९६५ साली जन्मलेला खेळ आपल्याकडेही पाय रोवू लागला आहे. त्याची बॅट सपाट फळीसारखी. तिला तातच नसते! तो खेळ वाढला आणि बॅडमिंटन-टेनिस ओसरले तर काय, हे मी त्याला विचारले. “सर, गुडघ्याला सोपं म्हणून मोठी माणसं तिकडं जातील,” तो म्हणाला. “पोरं उडी मारायला बॅडमिंटनलाच येतील.” हे खरे ठरेल की नाही, ते पुढली पाच वर्षे सांगतील. वही ठेवणाऱ्या बहिणीने मात्र कालच्या महिन्यापासून ‘अडीअडचण’ म्हणून एक नवे खाते काढले आहे, आणि त्यात दर रॅकेटीमागे १० रुपये टाकते.

या लेखाने कोणी उठून गटिंगचे यंत्र घ्यावे, असे माझे म्हणणे नाही. एका शहरात असे चार-पाच जण पोट भरतील, पन्नास नव्हे. पण ज्यांच्या घरात कंत्राट संपलेला एखादा तरुण बसला आहे, त्यांनी त्याला ‘काय शिकलास’ एवढेच विचारू नये. ‘तुझ्या हाताला आणि कानाला काय येते’ हेही एकदा विचारावे. त्याच्या उत्तरावर आठ दिवस कागद-पेन्सिल घेऊन बसावे. आणि पैसे ज्याच्या नावाचे असतील त्याला, अथवा तिला, सर्वांच्या आधी विचारावे.

दिवाळीच्या सुट्टीत मुले रॅकेटी बाहेर काढतील. त्यांची जाळी एकदा नखाने वाजवून पाहा. खणखणीत वाजली तर ठीक. बद्द वाजली, तर आपल्या गावात हे काम कोण करतो याची चौकशी करा. त्याच्या घरी वही कोण ठेवते, हेही विचारून या.